कंबरेची कळ पायात उतरते तेव्हा: कोल्हापूरच्या धावणाऱ्यांसाठी

पहाटे साडेपाचला रंकाळ्याच्या काठानं धावताना वर्दळ नसते, त्यामुळे शेजारच्याच्या पावलांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. गेल्या वर्षी पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा आमच्याबरोबर पळायचा. एका सकाळी त्याचं डावं पाऊल ‘टप’ वाजत होतं आणि उजवं ‘फट्ट’. टाच टेकल्यावर चवडा अलगद खाली यायला हवा; त्याचा उजवा चवडा आपटत होता. थांबवून विचारलं तर म्हणाला, “काय नाही दादा, तीन आठवडं कंबर धरली होती, पाय लई ठणकत होता. पण परवापासनं दुखायचं थांबलंय. बरं वाटतंय आता.”

त्याला तिथंच कट्ट्याला धरून टाचांवर चालायला लावलं. डावा चवडा उचलला गेला. उजवा उचललाच जाईना.

दुखणं गेलं होतं आणि त्याबरोबर पायाची ताकदही गेली होती. कंबरेच्या शिरेच्या दुखण्यात ही फार वाईट खूण. त्याच दिवशी तो डॉक्टरांकडे गेला आणि पुढं पाऊल परत आलंही, पण त्यात पाच महिने गेले आणि ती भरती हुकली. तसं आणखी कुणाचं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही. पंधरा वर्षं धावतोय, एकदा स्वतः मणक्यांमधल्या चकतीच्या दुखण्यानं आडवा झालोय, आणि त्या काळात डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून जे शिकलो ते पुढं कित्येक सोबत्यांच्या उपयोगी पडलेलं पाहिलंय. सगळ्यात आधी शिकलो ते हे: किती दुखतंय यापेक्षा दुखणं कुठल्या दिशेनं चाललंय ते बघायचं. कळ पायात खाली खाली उतरतेय, की कंबरेकडे वर सरकतेय? पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती आहेत.

पायरी १: आधी धोक्याच्या खुणा तपासा

सायकलच्या सीटवर बसल्यावर शरीराचा जो भाग टेकतो, म्हणजे मांड्यांची आतली बाजू, लघवीच्या आणि शौचाच्या जागेभोवतीची कातडी, तो भाग बधिर वाटतोय का? लघवी तुंबलीय, धार सुरू व्हायला वेळ लागतोय, किंवा लागल्याचंच कळत नाही असं होतंय का? शौचावरचा ताबा सुटलाय का? दोन्ही पायांत एकाच वेळी कळ किंवा लुळेपणा आहे का? यातलं एक जरी उत्तर ‘हो’ असेल तर इथून पुढं वाचू नका. १०८ ला फोन करा किंवा कुणाची तरी गाडी काढा, आणि जिथं रात्रीही एमआरआय होतो आणि मणक्याचं ऑपरेशन करणारे सर्जन आहेत अशा मोठ्या रुग्णालयात जा. या अवस्थेला डॉक्टर ‘कॉडा इक्वायना’ म्हणतात. मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या भागातच संपतो आणि खाली शिरांचा झुबका घोड्याच्या शेपटीसारखा लोंबतो. तो सगळा झुबकाच दाबला गेलेला असतो. ऑपरेशन लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत झालं तर लघवी-शौचाचा ताबा परत येण्याची शक्यता जास्त. ‘सकाळी बघू’ म्हणण्याइतकी सवड यात नाही. आपल्याकडे या जागेबद्दल बोलायला माणसं लाजतात, घरच्यांनाही सांगत नाहीत. डॉक्टरांना मात्र पहिल्याच वाक्यात सांगा.

त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत अशी दुसरी खूण म्हणजे पायाची ताकद कमी होणं. पाऊल आपटणं, जिना चढताना गुडघा मोडणं, पायातली चप्पल नकळत निसटणं. कोल्हापुरी वापरणाऱ्याला हे लवकर कळतं, कारण अंगठा आणि चवड्याची पकड गेली की ती पायात राहत नाही.

संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं आणि कुठल्याच स्थितीत न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयरोग डोक्यात ठेवून तपासणी व्हायला हवी. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही, आणि तरुण, काटक पोरांनाही होतो. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, बरेच दिवस स्टिरॉइड घेतलेली असणं, यांतही घरगुती प्रयोग नकोत.

पायरी २: आत काय झालंय ते समजून घ्या

‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी सरकली’, ‘शीर दबली’ हे शब्द आपण सगळे वापरतो. त्यानं उगाच घाबरायला होतं, म्हणून आत काय असतं ते सांगतो. कंबरेत पाच मणके, दोन मणक्यांमध्ये एक चकती. चकतीच्या बाहेर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चिवट थर, आत मऊ गर. पुढं वाकून, पाठीची कमान करून वारंवार ओझं उचललं की मागच्या बाजूचे थर हळूहळू झिजतात आणि एखाद्या दिवशी गर मागं सरकतो. तिथूनच पायाकडे जाणारी शीर निघते. शीर म्हणजे इथं रक्तवाहिनी नव्हे, मेंदूचे निरोप नेणारा चेतातंतू. गर शिरेला दाबतो, आणि त्यातल्या रसायनांनी शीर सुजतेही. म्हणून फुगवटा लहान असूनही माणूस कळवळतो, आणि मोठा असूनही एखादा निवांत फिरतो. बहुतेक वेळा गडबड सगळ्यात खालच्या दोन चकत्यांत असते: चौथ्या-पाचव्या मणक्यामधली, आणि पाचव्या मणक्याच्या व माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या मधली. डॉक्टरांच्या भाषेत एल-४ एल-५ आणि एल-५ एस-१.

सरकलेला गर बऱ्याचदा शरीर स्वतःच शोषून घेतं. बहुतेकांचं पायातलं दुखणं ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरतं. ‘गादी जाग्यावर बसवून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाण्याआधी हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं. दुखणं सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी एकाकडे गेलो. त्यानं पालथं पाडलं, कंबरेवर गुडघा देऊन पाय मागं ओढला. ‘कट्’ असा आवाज आला, तो म्हणाला, ‘बसला मणका’. मांडीपर्यंत असलेली कळ त्या रात्री टाचेपर्यंत गेली. पाठ तुडवून घेणं, शीर चोळून घेणं, झटका देऊन मणका मोडणं, यातलं काहीही पायात कळ असताना करून घेऊ नका. घरातलं माणूस प्रेमानं म्हणत असलं तरी नको.

धावण्यानं चकत्या झिजतात हे घरोघरी ऐकायला मिळतं. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नियमित धावणाऱ्यांच्या चकत्या न धावणाऱ्यांशी ताडून पाहिल्या. आठवड्याला २० ते ४० किलोमीटर, असं पाच वर्षं धावणाऱ्यांच्या चकत्यांत पाणी जास्त होतं. म्हणजे सवयीचं, बेतानं वाढवलेलं धावणं चकतीला मानवतं. आमच्यातल्या ज्यांची ज्यांची कंबर गेली, त्यांच्या दिवसाकडे नीट पाहिलं तर कारण धावण्याबाहेरच सापडलं. दिवसभर दुकानात किंवा ऑफिसात पोक काढून बसणं. खड्ड्यांतून रोज तीस-चाळीस किलोमीटर मोटारसायकल. एका आठवड्यात अंतर दुप्पट करणं.

आणि खेड्यातल्या पोरांचं एक खास कारण. पहाटे उठून म्हशीखाली उकिडवं बसून धार काढायची, वैरणीचा भारा उचलून टाकायचा, आणि लगेच मैदान गाठायचं. रात्रभर आडवं राहिल्यानं चकती पाणी शोषून फुगलेली असते. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते. उठल्यावरच्या पहिल्या तासात चकती टम्म असते आणि वाकण्याचा ताण तिच्यावर सगळ्यात जास्त येतो. भारा उचलायचा तो उठल्यानंतर तासाभरानं, आणि गुडघ्यात वाकून, अंगाला चिकटवून. एवढं केलं तरी निम्मी लढाई जिंकली.

पायरी ३: कागदावर पाय काढा

कळ कुठं आहे हे तोंडानं सांगताना सगळेच गोंधळतात. ‘कंबरेपासून खाली अख्खा पाय’ असं म्हणून डॉक्टरांना काहीच कळत नाही. एका कागदावर पायाची पुढची आणि मागची बाजू काढा, जिथं कळ आहे तिथं रेघ मारा, जिथं मुंग्या किंवा बधिरपणा आहे तिथं ठिपके द्या, तारीख घाला.

रेघ मांडीच्या पुढून गुडघ्यावरून नडगीच्या आतल्या बाजूला गेली तर चौथ्या मणक्याची शीर, एल-४. मांडीच्या बाहेरून, पोटरीच्या बाहेरच्या कडेनं पावलाच्या वरच्या भागावर अंगठ्यापर्यंत गेली तर एल-५. कुल्ल्यातून मांडीच्या मागून, पोटरीतून टाचेकडे आणि करंगळीकडे गेली तर एस-१. या शेवटच्या दोन वाटांच्या दुखण्यालाच सायटिका म्हणतात. आयुर्वेदात त्याला गृध्रसी असं नाव आहे.

शिरेसारखी वाटणारी पण कंबरेतून न येणारी दुखणीही असतात, आणि धावणाऱ्यांत ती नेहमी गल्लत घालतात. मांडीच्या मागचा स्नायू ताणला गेला असेल तर दुखणं एका जागी असतं, बोट ठेवून दाखवता येतं, गुडघ्याच्या खाली जात नाही, आणि बहुधा एखाद्या जोराच्या पळीत ‘चटका’ बसल्याचा क्षण आठवतो. कुल्ल्यातल्या खोल स्नायूनं शीर आवळली तर कठीण बाकावर किंवा पाकीट मागच्या खिशात ठेवून बसल्यावर वाढतं, कंबर मात्र फारशी दुखत नाही. मांडीची फक्त बाहेरची बाजू जळजळतेय, बधिर आहे, आणि ताकद पूर्ण आहे, तर कंबरेचा पट्टा तपासा. पाण्याची बाटली अडकवायचा घट्ट पट्टा बांधून लांब पल्ला धावणाऱ्यांच्या जांघेजवळ एक कातडीची शीर दबते आणि पट्टा सैल केला की सुटते. गुडघ्याच्या बाहेरच्या हाडापाशी शीर दबली तरी पाऊल आपटतं. तासन्‌तास उकिडवं बसून रोप लावणी किंवा भांगलण केल्यावर असं होतं. दोन्ही तळपाय सारखेच जळत असतील तर रक्तातली साखर आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास असते. आणि सोळा-अठरा वर्षांच्या पोराला मागं वाकल्यावर, एका पायावर उभं राहून कमान केल्यावर कंबरेत नेमक्या जागी दुखत असेल तर मणक्याच्या हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तिथं खाली दिलेले मागं वाकायचे व्यायाम वर्ज्य.

पायरी ४: रोज सकाळी चार चाचण्या

पाच मिनिटं लागतात, वही-पेन जवळ ठेवा.

टाचांवर दहा पावलं चाला. दोन्ही चवडे सारखे उचलले जातात का? मग भिंतीला दोन बोटं टेकून एका पायाच्या चवड्यावर उभे राहा आणि टाच वर-खाली करा. चांगल्या पायावर वीस झाली आणि दुखऱ्यावर आठव्यालाच टाच उचलेना, तर ती एस-१ ची ताकद घटल्याची खूण. तिसरी, पायाचे अंगठे वर ओढून धरा आणि घरच्या कुणाला तरी ते बोटानं खाली दाबायला सांगा. एक अंगठा लगेच हार मानत असेल तर एल-५.

यानंतर उताणे झोपून गुडघा सरळ ठेवून दुसऱ्याला पाय सावकाश उचलायला सांगा. साधारण ३० ते ७० अंशांच्या मध्ये गुडघ्याखाली वीज गेल्यासारखी कळ आली तर शीर ताणाला चिडतेय. नुसती मांडीमागची ओढ जाणवली तर ती स्नायूची. कळ कुठल्या उंचीवर आली ते भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून ठेवा. माझ्या खोलीत त्या खुणा अजून आहेत. सगळ्यात खालची गुडघ्याच्या उंचीची, आणि सात आठवड्यांनंतरची जवळजवळ खांद्याच्या उंचीची. बरं होतंय की नाही, या प्रश्नाचं उत्तर मला रोज त्या भिंतीवर मिळायचं.

ताकदीच्या पहिल्या तीनपैकी एखादी चाचणी कालच्यापेक्षा आज वाईट आली, तर दुखणं कमी असलं तरी डॉक्टर.

पायरी ५: पहिले तीन-चार दिवस

धावणं बंद. पण अंथरूण धरून बसायचं नाही. एखादा दिवस, फार तर दोन दिवस जास्त पडून राहिलात तर ठीक. त्यापुढं पडून राहण्यानं स्नायू आखडतात आणि बरं व्हायला उशीर लागतो. उताणे झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, किंवा कुशीवर झोपून दोन गुडघ्यांत उशी धरा. दर अर्ध्या तासानं उठून घरातल्या घरात पाच मिनिटं चाला. सलग बसणं वीस मिनिटांच्या वर नको. मांडी घालून जमिनीवर जेवायला बसणं काही दिवस सोडा. शेक की बर्फ, ज्यानं बरं वाटेल ते.

धावणाऱ्याचा हात आपोआप जातो तो पायाचे अंगठे धरून मांडीमागचा भाग ताणण्याकडे. मांडी आवळल्यासारखी वाटते म्हणून तो दिवसात दहा वेळा ताणतो. ही आवळ स्नायूची नसते, चिडलेल्या शिरेला जपण्यासाठी शरीरानंच धरलेली असते. ताणल्यानं सुजलेली शीर आणखी ओढली जाते आणि पुढं वाकल्यानं गर आणखी मागं सरकतो. सूर्यनमस्कारही या काळात थांबवा.

दुखणं कमी करायच्या गोळ्या आणि इंजेक्शनं डॉक्टरांना विचारूनच. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन, रिकाम्या पोटी या गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंड आणि जठर दोन्हींना त्रास. गोळीनं कळ दबली म्हणून मैदानावर उतरायचं, हे तर अजिबात करू नका. शिरेच्या दुखण्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रीगॅबालिनची २०१७ साली सायटिकाच्या रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली; औषधच नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त फरक पडला नाही, चक्कर मात्र जास्त जणांना आली. चालू असेल तर मनानं एकदम बंद करू नका, पण तिचा उपयोग होतोय का हे डॉक्टरांना जरूर विचारा.

पायरी ६: कळ वर आणायची दिशा शोधा

१९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेंझी या फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात एक सायटिकाचा रुग्ण चुकून डोक्याकडची बाजू वर उचललेल्या टेबलावर पालथा झोपून राहिला. कंबर मागं वाकलेल्या त्या स्थितीत काही मिनिटं गेल्यावर त्याची पायातली कळ नाहीशी झाली आणि दुखणं कंबरेत येऊन थांबलं. कळ अशी पायातून कंबरेकडे गोळा होत येणं ही बरं होण्याची चांगली खूण आहे, हे पुढं वारंवार दिसून आलं. कंबर आधीपेक्षा जास्त दुखू लागली तरी पाय मोकळा होत असेल तर वाट बरोबर आहे. बहुतेक जण इथंच घाबरतात आणि व्यायाम सोडतात.

जमिनीवर सतरंजी टाकून पालथे व्हा. दोन-तीन मिनिटं नुसते पडून राहा. मग कोपरांवर या, कंबर सैल सोडा, पुन्हा दोन मिनिटं. पायातली कळ वर सरकली किंवा तशीच राहिली तर हात सरळ करून छाती उचला; कंबरेखालचा भाग जमिनीलाच, कुल्ले आवळायचे नाहीत. भुजंगासनासारखं दिसतं, पण इथं पाठीचा जोर लावायचा नाही, सगळं काम हातांचं. दहा वेळा वर-खाली. दिवसात दर दोन-तीन तासांनी. प्रत्येक फेरीनंतर उठून एक चक्कर मारा आणि कळ कुठवर आहे ते लिहा.

कळ गुडघ्यावरून पोटरीत, पोटरीतून पावलात उतरली तर तिथंच थांबा. ही दिशा तुमची नाही, फिजिओथेरपिस्टकडून दुसरी शोधून घ्या. पन्नाशी ओलांडलेल्या काहींचं उलट असतं: चालल्यावर दोन्ही पाय जड होतात, खाली बसलं किंवा पुढं झुकलं की हलकं वाटतं. त्यांची मणक्यातली पोकळी अरुंद झालेली असते आणि मागं वाकल्यानं ती आणखी आवळते. त्यांनी हा व्यायाम करू नये.

पायरी ७: डॉक्टर आणि एमआरआय

ताकद शाबूत असेल, धोक्याची एकही खूण नसेल, तर पहिल्या आठवड्यातच एमआरआयची घाई नको. २०१५ साली पाठीचं कसलंही दुखणं नसलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या, आणि ते सगळे ठणठणीत हिंडत-फिरत होते. त्यामुळे ‘चकती फुगलीय’ एवढंच वाचून खचू नका. अहवालातली जागा आणि तुमच्या कागदावरची रेघ एकमेकींशी जुळते का, हे महत्त्वाचं. एल-४ एल-५ ला डावीकडे फुगवटा, आणि तुमची कळ उजव्या करंगळीत, तर तो फुगवटा बहुधा जुना, निरुपद्रवी.

सहा आठवडे नीट उपचार करूनही पायातली कळ हटत नसेल, किंवा ताकद घटत असेल, तर एमआरआय आणि सर्जनचा सल्ला. ऑपरेशनला उगाच भ्यायचं नाही आणि घाईही करायची नाही. २००७ साली नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीत लवकर ऑपरेशन केलेल्यांच्या पायाचं दुखणं लवकर थांबलं, पण वर्षअखेरीला ऑपरेशन केलेले आणि थांबलेले दोन्ही गट सारखेच बरे होते. ज्याला महिनाभरात कामावर उभं राहायचंच आहे त्याचा आणि ज्याला थांबणं परवडतं त्याचा निर्णय वेगळा असू शकतो. डॉक्टरांकडे जाताना कागदावरचा पाय आणि चाचण्यांची वही घेऊन जा. बाह्यरुग्ण विभागात मिळणाऱ्या पाच मिनिटांत ती वही फार बोलते.

पायरी ८: ताकद परत आणा

पायातली कळ गुडघ्याच्या वर आली की सुरुवात करा. कॅनडातले पाठीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम बहुतेक फिजिओथेरपिस्ट देतात. उताणे झोपून एक गुडघा वाकवून, हात कंबरेखाली ठेवून, डोकं आणि खांदे जमिनीपासून दोन बोटं उचलणं. कुशीवर कोपरावर अंग तोलून कंबर उचलणं. हात-गुडघ्यांवर येऊन एका बाजूचा हात आणि विरुद्ध बाजूचा पाय सरळ लांब करणं. प्रत्येक दहा सेकंद धरायचा, सहा-चार-दोन अशा उतरत्या फेऱ्यांत. कंबरेवर पाण्यानं भरलेला पेला ठेवलाय असं समजा, सांडता कामा नये. सोबत पाठीवर झोपून कुल्ले उचलणं, आणि एका पायाच्या टाचा उचलणं.

जोर, बैठका, सपाट्या या आपल्या तालमींच्या जिवाभावाच्या गोष्टी, त्या सोडा असं मी म्हणणार नाही. बैठका आधी सुरू करा, अर्ध्या खोलीच्या, पाठ सरळ ठेवून. अगदी खाली बसताना माकडहाड आत वळतं तिथवर जायचं नाही. जोर त्यानंतर. सपाट्यांमध्ये कंबर वेगानं वाकते आणि उसळते, म्हणून त्या सगळ्यात शेवटी. भरतीच्या गोळाफेकीत वाकणं आणि पिळणं एकदम येतं. धावणं पूर्ववत झाल्यावर चार आठवडे जाऊ द्या, मग हलक्या गोळ्यानं सुरुवात.

पायरी ९: पुन्हा धावणं

पायात कळ नाही, अर्धा तास भरभर चालून पाय झिणझिणत नाही, एका पायावर टाचा उचलणं दोन्हीकडे सारखं, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या की मैदानावर या. सपाट, मऊ जमीन निवडा. तपोवन किंवा पोलीस मैदानाची माती डांबरापेक्षा बरी, विद्यापीठाच्या आवारातली सपाट वाटही चालेल. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असे आठ फेरे. दिवसाआड. पुढच्या २४ तासांत कळ खाली उतरली नाही, तर पुढच्या वेळी धावणं अर्ध्या मिनिटानं वाढवा. कंबर थोडी जड वाटली तर चालतं. कळ पायात उतरली तर दोन टप्पे मागं. सलग अर्धा तास धावता यायला साधारण पाच-सहा आठवडे लागतात. १६०० मीटरची वेळ लावणं त्यानंतर.

उठल्यावर तासभर गेल्याशिवाय धावायचं नाही. पावलं थोडी आखूड आणि जलद टाका, मिनिटाला नेहमीपेक्षा पाच ते दहा टक्के जास्त. प्रत्येक पावलाचा दणका कमी बसतो. रस्त्याच्या कडेला उतार असतो, त्यामुळे एकाच दिशेनं धावलं की एक पाय कायम खाली पडतो. रंकाळ्याला फेरी मारताना एक दिवस उजवीकडून, एक दिवस डावीकडून मारा.

पन्हाळा सगळ्यात शेवटी, आणि तोही अर्धा. चढताना अंग पुढं झुकतं, वेग कमी असतो, दणका कमी बसतो. उतरताना प्रत्येक पावलाला कंबर मागं ओढली जाते आणि दणका वाढतो. माझी कळ पहिल्यांदा उतरली होती ती वाघबिळाच्या उतारावरच. म्हणून पहिले चार रविवार धावत वर जायचं, वर पोचल्यावर भिंतीला हात टेकून टाचांवर दहा पावलं चालून बघायची, चहा प्यायचा आणि एसटीनं खाली यायचं. पाचव्या रविवारी निम्मा उतार धावा आणि उरलेला चाला, सोबत कुणीतरी ठेवा, आणि त्याला सांगून ठेवा: माझ्या दोन्ही पावलांचा आवाज सारखा येतोय का, ते ऐक.